फलानिकोचा ॲम्प आणि पलीकडची वीज

फलानिको होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. यातलं कुठलं काम त्याला जास्त चांगलं जमतं यावर गावात दोन तट होते. होडीवाले म्हणायचे, गिटार. गायकमंडळी म्हणायची, इंजिनं.

उपोलू बेटाच्या पूर्व टोकाला त्याचं गाव. गिटारीपेक्षाही त्याचा जीव होता तो तिचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पवर. भावाने ऑकलंडहून पाठवलेला, जुना, व्हॉल्व्हचा. रविवारी चर्चमध्ये बटण दाबलं तरी तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्या आधी तांबूस व्हायच्या, मग तापलेल्या धुळीचा वास सुटायचा आणि मग तो गुणगुणायला लागायचा, "ऊंऽऽऽ". एकाच सुरात, अखंड. आतला कुठला तरी भाग म्हातारा झाला होता. फलानिकोची बायको मेरिपा म्हणायची, "अहो, त्याचं पोट उघडून बघा एकदा." फलानिको म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा यायचा नाही.

गायकमंडळाच्या प्रमुख इलिसापेताबाई. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. चर्चची पायपेटी खाऱ्या हवेने पार खाऊन टाकल्यापासून सूर द्यायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं. बाई डोळे मिटायच्या, हात वर करायच्या, क्षणभर थांबायच्या आणि सूर लावायच्या. दर रविवारी तोच सूर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "देवाने मला खाली पाठवलं तेच कानात सूर ठेवून," असं त्या स्वतःच सांगायच्या. दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत त्यांना धीर नसे.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या तुतुइला बेटावरच्या एका चर्चला शंभर वर्षं झाली म्हणून तिथे गायनाची स्पर्धा ठरली आणि या मंडळाला बोलावणं आलं. बायकांना कपडे शिवून होतील की नाही याची चिंता लागली, पुरुषांना तिथे जेवायला काय असेल याची, आणि फलानिकोला विजेची. उपोलूत भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात, तुतुइलात अमेरिकेचे एकशेवीस. मध्ये एवढासा समुद्र, पण पलीकडे वार अजून कालचा, गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने आणि विजेच्या पिनासुद्धा वेगळ्या.

विजेच्या बाबतीत हयगय केली तर काय होतं ते गावाने पाहिलं होतं. फलानिकोचा चुलतभाऊ पेनितोआ तुतुइलात राहायचा. मागे एका लग्नाला तो आपला अमेरिकन ॲम्प घेऊन आला होता. "वीज वेगळी आहे रे," असं फलानिको सांगत होता, तर हा म्हणाला, "दादा, पिन बसली की झालं!" आणि नुसती पिन बदलून त्याने ॲम्प लावला. पहिलं गाणं संपायच्या आत मांडवात असा धूर झाला, की मावश्यांनी आधी केक बाहेर काढला आणि मग नवरीला.

"या वेळी उलटं आहे," फलानिकोने इलिसापेताबाईंना समजावलं. "आपला ॲम्प तिकडे जळणार नाही, उपाशी राहील. नळ्या तापायच्याच नाहीत."

"मग जरा जास्त वेळ लावून ठेव."

"बाई, उपाशी माणसाला जास्त वेळ उभं केलं म्हणून तो नाचायला लागत नाही."

काही ॲम्पच्या पोटात तारा इकडच्या तिकडे जोडून दोन्ही विजा चालतात. फलानिकोने मागची फळी उघडून पाहिलं. याच्या पोटात तशी सोय नव्हती. मग तो आपिया शहरात गेला आणि एका भंगारवाल्याला डुकराचं पिल्लू देऊन त्याने ट्रान्सफॉर्मर आणला. एका बाजूने एकशेवीस घालायचे, दुसऱ्या बाजूने दोनशे तीस काढायचे. लोखंडी डबा, वर एक कडी. मेरिपाने कडी धरून पाहिली आणि सोडून दिली.

"पिल्लाची आईसुद्धा एवढी जड नव्हती," ती म्हणाली.

बोट निघाली तेव्हा समुद्र खवळलेला होता. टोपल्या, चटया, पिशव्या सगळं डेकभर घसरत होतं. जागचा हलला नाही तो एकटा ट्रान्सफॉर्मर, म्हणून इलिसापेताबाई त्याच्यावर बसून पलीकडे पोचल्या.

धक्क्यावर पेनितोआ गाडी घेऊन आला होता. "दादा, नांगर कशाला आणलास? बोटीला नव्हता?"

"तुझ्या ॲम्पसारखी आमच्या ॲम्पची चिता रचायची नाहीये."

मुक्कामावर वेगळाच ताप झाला. बायकांनी घरून इस्त्र्या आणल्या होत्या. त्या इथल्या विजेवर धड कोमटही होईनात. मग सगळ्या जणी पांढरे कपडे हातावर घेऊन ट्रान्सफॉर्मरपुढे उभ्या राहिल्या.

"मावशी, एवढ्या इस्त्र्या लावल्या तर हा वितळेल," फलानिको म्हणाला.

"पण त्याआधी इस्त्री तापेल ना?" फिलोईमावशींनी विचारलं. मंडळातला सगळ्यात उंच आवाज त्यांचा.

फलानिको ट्रान्सफॉर्मरवर बसला तो उठलाच नाही. मंडळ चुरगळलेल्या कपड्यांत स्पर्धेला गेलं.

चर्चमध्ये त्याने मीटर लावून पाहिला. दोनशे तीस. नळ्या तांबूस झाल्या, वास आला, गुणगुण सुरू झाली. ॲम्प जरा जास्तच खुशीत वाटला त्याला. पलीकडची हवा मानवली असेल, असं वाटून त्याने त्याच्या डोक्यावर थोपटलं.

पहिलं गाणं. इलिसापेताबाईंनी डोळे मिटले, हात वर केला, सूर लावला. मंडळ गायला लागलं. पहिली ओळ खालच्या सुरांत होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. उलट खर्जातल्या म्हाताऱ्यांना आपण तरुण झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ओळीला फलानिकोने गिटार छेडली आणि एकाच गल्लीत समोरासमोर दोन मिरवणुका घुसाव्यात तसं झालं.

बोटीवर तारा सैल पडल्या असतील, असं वाटून त्याने बोटं गिटारीच्या दांडीवर एक पडदा वर सरकवली. आणखी वाईट. दोन पडदे वर. पुढच्या बाकावरच्या एका माणसाने कानात बोट घातलं. तीन पडदे वर सरकवल्यावर मात्र गिटार आणि गाणं एकदम जुळलं. फलानिकोने सुटकेचा श्वास सोडला. आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की तिसऱ्या कडव्यात वरची हालेलुया आहे.

फिलोईमावशींच्याही ते लक्षात आलं होतं. इतक्या वर चढा म्हटल्यावर माणूस नारळाच्या झाडाकडे बघतो तसं त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंचे डोळे मिटलेले. मावशींनी श्वास भरला आणि जे व्हायचं ते झालं. बाहेरच्या कुत्र्यांनी साथ दिली. बाकीच्या बायका नुसती तोंडं उघडून उभ्या होत्या. मागच्या बाकांवर लोक मांड्या थोपटत हसत होते, आणि पेनितोआ खिडकीबाहेर डोकं काढून हसत होता.

दोन गाण्यांच्या मध्ये बाई फलानिकोकडे वळल्या. "वाकडी वाजवलीस गिटार!"

"बाई, जरा खाली घेता येईल का?" फिलोईमावशींनी घसा धरून विचारलं.

"खाली? खाली-वर करायला सूर म्हणजे काय पाण्याची बादली आहे? देव देतो तो सूर मी लावते."

फलानिको मात्र ॲम्पकडे बघत होता. तीन पडदे. त्याने घरची गुणगुण घशातल्या घशात आठवून पाहिली, मग ॲम्पला कान लावला. जुळेना. इथली वर होती, बरोबर तीन पडदे. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट चढवले होते, पण विजेचे हेलकावे बदलणं त्याच्या हातात नव्हतं. उपोलूत ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, इथे साठ, आणि ॲम्प त्याच हेलकाव्यांवर गुणगुणत होता. आणि इलिसापेताबाई इतकी वर्षं...

त्याने घाबरून छताकडे बघितलं. असला विचार चर्चमध्ये करावा की नाही, त्याला कळेना.

दुसरं गाणं पुकारलं गेलं. फलानिकोने हळूच ॲम्पचं मधलं बटण पाडलं. नळ्या तापलेल्याच राहिल्या, गुणगुण तेवढी थांबली. बाईंनी डोळे मिटले, हात वर केला. काहीच झालं नाही. हात वरच. चर्च शांत. बाईंच्या कपाळावर घाम आला. मग, मंडळात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते घडलं. बाईंनी एक डोळा उघडला.

फलानिको ॲम्पच्या मागे उकिडवा बसला, दोन्ही हातांनी तोंडाभोवती भोंगा केला आणि घरच्या सुरात सुरू झाला, "ऊंऽऽऽ".

मेरिपा बायकांच्या रांगेत शेवटी उभी होती. तिला तिथून नवऱ्याची फक्त पाठ आणि लाल झालेले कान दिसत होते. तिने ओठ दाताखाली दाबले. बाईंनी डोळा मिटला आणि सूर लावला. तोच, घरचा. मंडळ असं मोकळं गायलं, की फिलोईमावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. दम संपल्यावर फलानिको उठला, बटण वर केलं आणि जन्मात वाजवली नसेल अशी गिटार त्याने वाजवली.

त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षक म्हणाले, पहिल्या गाण्यात पापी जिवाची तडफड आणि दुसऱ्यात त्याची सुटका इतक्या धीटपणे कुणी दाखवली नव्हती.

"तसंच बसवलं होतं," इलिसापेताबाई म्हणाल्या.

जेवताना मेरिपाने त्याला गाठलं. "अहो, मागे बसून काय कण्हत होता?"

त्याने सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं पालुसामी तिच्या नाकात गेलं.

"बाईंना सांगणार?" ती डोळे पुसत म्हणाली.

"तू सांग."

"मी? मला रविवारी त्यांच्याच हाताखाली उभं राहायचंय."

गावी परत आल्यावर चार-सहा दिवसांनी इलिसापेताबाई स्वतःच त्याच्या इंजिनांच्या पडवीत आल्या. उलटी टाकलेली बादली ओढून बसल्या. बराच वेळ मासळीबद्दल बोलल्या.

"फलानिको," मग त्या म्हणाल्या, "मंडळात खर्जाचे आवाज कमी पडतायत. तू येत जा."

"बाई, मला गाता येत नाही. एकच सूर येतो."

"कुठला?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि लावून दाखवला. बाई मान कलती करून ऐकत राहिल्या. समोर इंजिनातून तेल ठिबकत होतं, तेही त्यांनी पाहिलं नाही.

"पुरे आहे," त्या उठत म्हणाल्या. "रविवारी माझ्या जवळच उभा राहा. अगदी जवळ."