खोल गेलेला म

कुठलीही वस्तू बिघडली की बिघाडाचं कारण ती एक वस्तू सोडून उरलेल्या सगळ्या जगात शोधायचं असतं, अशी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांना दिलेली. मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि ते मला पाहुणे म्हणतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी किती वेळा जेवलो याचा हिशेब नाही, पण पाहुण्याचा घरचा माणूस काही झालो नाही. गोंदियाला लागून मुर्रीत त्यांचं घर आहे. उभी हयात त्यांनी सरकारी नोकरीत, कालव्यांच्या कामावर काढली. कालवा फुटला तर दोष पावसाचा, पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वाफ्यापर्यंत, पोचलं नाही तर दोष त्या बांधीचा, हे तिथं इतक्या वेळा लिहून झालं होतं, की निवृत्त होताना शाल आणि नारळाबरोबर ही दृष्टीही ते घरी घेऊन आले.

घरातली खुर्ची डुगडुगायला लागली तेव्हा त्यांनी खुर्चीच्या पायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फरशीला दोष दिला. आतला बुडबुडा दाखवून सपाटी सांगणारी एक लहानशी पाणसळ ते कायम खिशात बाळगतात. ती त्यांनी घरभर फिरवली, मग अंगणात, मग रस्त्यावर, आणि मुर्री गावच मुळात उत्तरेकडे कललेलं आहे या निष्कर्षाला येऊन त्याच खुर्चीवर डुगडुगत बसले. स्कूटरचा ब्रेक लागेना तेव्हा रस्त्याचा उतार चुकीचा निघाला. एकदा आमच्याकडे लग्नाच्या वाढदिवसाला जेवायला आले, तर ताट समोर आल्यावर आधी टेबलावर पाणसळ ठेवली, बुडबुड्याकडे पाहून मान हलवली, आणि वरण नीट बसत नाही म्हणून थोडंच घेतलं. माझी बायको ते अजून विसरलेली नाही.

अशा माणसाने लाकडावर कोरीवकाम करणारी मशीन घ्यावी हा योग मोठा होता. निवृत्त माणसाने काहीतरी करत राहावं असं त्यांना मुलीने फोनवर सुचवलं, आणि काही दिवसांत खोक्यातून सुट्या भागांची मशीन व्हरांड्यात येऊन पडली. टेबलाएवढी चौकट, तिच्यावर मागेपुढे सरकणारी मोटर, आणि मोटरीच्या तोंडाशी भरधाव फिरणारं बारीक पात्याचं बिट. संगणकावर अक्षर काढायचं की मशीन ते लाकडात कोरते. भाऊजींनी स्वतः ती जोडली, नारळ फोडला, आणि पहिल्या उत्साहात सगळ्या नात्यागोत्यात ‘शुभ लाभ’च्या पाट्या वाटल्या. आमच्या वाट्याला जी आली तिच्यात शुभ जेमतेम ओरखडलेलं आहे आणि लाभ आरपार गेलेला आहे. दारावर लावली तर लाभातून आतला दिवा दिसतो.

बिघाड साधा होता. बिट ज्या चिमट्यात बसतं त्याला कोलेट म्हणतात. त्यात बिट सरकवायचं आणि वरून नट आवळायचा. भाऊजींच्या मशीनचं कोलेट बिट घट्ट धरत नव्हतं. चालता चालता बिट हळूहळू खाली निसटायचं आणि अक्षर खोल खोल जायचं. मीसुद्धा बाजूला उभं राहून ते पाहू शकत होतो. पण भाऊजी कोलेटकडे पाहतील तर ते भाऊजी कसले. पहिला संशय विजेवर गेला. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून मोटर दचकते आणि बिट सुटतं, असं म्हणून स्टॅबिलायझर आणला. मग लाकडातल्या ओलाव्यावर गेला. फळ्या गच्चीवर उन्हात टाकल्या, त्या इतक्या वाळल्या की होडीसारख्या वाकल्या. मग घरातल्या मिक्सरच्या कंपनांवर गेला, आणि मशीन चालू असताना मिक्सर लावायला बंदी आली. ताईंनी काही दिवस पाट्या-वरवंट्यावर चटणी वाटली. त्या जास्त बोलत नाहीत, पण वाटायला मशीनच्याच दिशेने तोंड करून बसत.

शेवटी कारण सापडलं ते राइस मिलमध्ये. घराच्या मागे, दोन रस्ते ओलांडून एक मिल आहे. तिच्यात धान भरडलं जातं तेव्हा जमीन थरथरते, ती थरथर भिंतीतून मशीनला आणि मशीनमधून बिटाला पोचते, असा सिद्धांत त्यांनी मला चहा घेता घेता समजावला आणि मला बरोबर घेऊन मिलमालकाकडे गेले. आपण पाटी कोरत असू तेवढा वेळ मिल बंद ठेवावी, एवढीच त्यांची विनंती होती. मिलमालक भला माणूस. त्याने आमच्यासाठी थंड मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “साहब, पूरे गोंदिया में मिलें चल रही हैं. किस किस को बंद कराओगे?” भाऊजींना यात आपल्या सिद्धांताला दुजोराच मिळाला. परतताना ते म्हणाले, पाहा पाहुणे, त्यानेही मान्य केलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तेवढ्यात कामठ्याहून फोन आला.

कामठ्याला भाऊजींचे धाकटे भाऊ शेती करतात. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांच्या बांध्यांमधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, भाऊजींनी स्वतः टेप धरून आखला होता, आणि तो धाकट्याच्या बाजूला सरकला होता. धाकट्याने म्हटलं, टेप चुकीचा धरला गेला. भाऊजींनी म्हटलं, पाण्याने जमीनच सरकली आहे. त्यावर जे बोलणं बंद झालं ते बंदच. लग्नं झाली, बारशी झाली, दोघं एकाच मांडवात जेवले, पण पंगतीच्या दोन टोकांना. आता धाकट्याने नवं घर बांधलं होतं आणि वास्तूचं आमंत्रण जावेने फोनवर ताईंना दिलं होतं. ताईंनी ते चहाबरोबर भाऊजींच्या पुढे ठेवलं. भाऊजींनी चहा संपवला. मग म्हणाले, घराला आईचं नाव देऊ, पाटी मी कोरतो.

त्यांनी सागाची एक सुरेख फळी आणली. एकच होती तशी. आईचं नाव जमनाबाई. वास्तूच्या आदल्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, मिक्सर बंद, पंखा बंद, आणि मिलची सुट्टी आहे याची खात्री करून मशीन सुरू केली. ज सुरेख उतरला. म च्या काठीवर मोटरीचा आवाज एकदम जाडावला आणि भाऊजींनी हात मारून मशीन बंद केली. तोवर म फळीच्या पोटात शिरला होता. त्या सकाळी मुर्रीत कुठेच काही थरथरत नव्हतं. दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

भाऊजी फळीवर हात ठेवून बसून राहिले. चेहरा असा पडला होता की मला थट्टा सुचेना. मी सहज म्हणून विचारलं, मशीनबरोबर हे एकच कोलेट आलं होतं का? ते म्हणाले, दुसरं आहे, पण ते राखीव आहे. राखीव वस्तू कपाटात असते तोवर राखीव असते, वापरली की जबाबदारी येते, हा त्यांच्या नोकरीतला धडा. मग स्वतःच उठले, कपाट उघडून प्लास्टिकची पिशवी आणली, ती फोडली. दोन्ही कोलेटं तळहातावर ठेवून चष्मा वर करून पाहिली. बिटं बारीक होती, आणि इतके दिवस लावलेलं कोलेट होतं जाड बिटांचं. बारीक बिट त्यात कितीही आवळलं तरी धरलं जाणार नव्हतं. त्यांनी जुन्या ब्रशने आतला भुसा काढला, छोटं कोलेट आधी नटात टक्कन बसवलं, बिट घातलं, दोन पाने लावून आवळलं. उरलेली अक्षरं अगदी सारख्या खोलीची, लोण्यात बोट फिरवावं तशी उतरली. पण म चं काही होऊ शकत नव्हतं. दुसरी फळी मिळेपर्यंत थांबू, असं ते म्हणाले. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाटी टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली.

कामठ्यात धाकट्याने पाटी हातात घेतली तेव्हा अंगणात बायकामाणसांची गर्दी होती. घराचं काम केलेला सुतारही तिथे होता, तो म्हणाला, हे अक्षर भुसा आणि डिंक घालून भरून घेतो, कळणार नाही. धाकट्याने म मध्ये बोट घालून पाहिलं आणि इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य उच्चारलं.

“हे एवढं खोल काऊन गेलं, दादा?”

मी आणि ताईंनी एकमेकांकडे पाहिलं. व्होल्टेज, ओलावा, राइस मिल, सगळं ऐकायची आमची तयारी होती. भाऊजींचा हात खिशातल्या पाणसळीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“मशीनचा दोष नाही,” ते म्हणाले. “बरोबरचं कोलेट घरीच पडून होतं. मी चुकीचं लावलं, अन् साऱ्या गावाले नावं ठेवून राहिलो होतो. चूक माझीच होती गा.”

ते मशीनबद्दल बोलत होते. पण बोलताना पाहत होते अंगणापलीकडच्या बांध्यांकडे, आणि तिथे उभ्या असलेल्या कोणालाच, धाकट्याला तर मुळीच, ते कशाबद्दल आहे याची शंका राहिली नाही. धाकटे थोडा वेळ पाटी उलटसुलट करत राहिले. मग सुताराला म्हणाले, “भरू नोको. दादाच्या हातचं आहे, तसंच राहू दे.” जेवताना दोघं शेजारी बसले.  भाऊजींनी धाकट्याच्या पानात एक वडा जास्तीचा वाढायला लावला.

त्यानंतर भाऊजी बरेच सुधारले, आणि खरं सांगायचं तर थोडे कंटाळवाणे झाले. नळ गळला तर वायसर बदलतात. डुगडुगणाऱ्या खुर्चीखाली पुठ्ठा घातला आहे. मी मुद्दाम विचारतो, आज मिलचा आवाज जास्त वाटतो का हो, तर नुसतं हसतात. मशीन आता अचूक चालते, पण पाट्या घ्यायला कोणी नातेवाईक शिल्लक नाही, म्हणून तिच्यावर बहुतेक वेळा चादर असते.

मागे कामठ्याला गेलो होतो. दाराशी धाकटे स्टुलावर चढून पाटी साफ करत होते. बाकीच्या अक्षरांवरून त्यांनी फडकं सरळ फिरवलं. म मध्ये फडकं पोचत नाही, तिथे धूळ बसते, कोळी जाळं करतो. त्यासाठी त्यांनी झाडूची एक काडी घेतली, चष्मा लावला, आणि मला थांबा जरा जी म्हणून ते अक्षर काठाकाठाने, अगदी सावकाश, कोरत बसले.