माडीवरच्या कोरियन आजी

परक्या मुलखात कसं राहावं हे साऱ्या जगात एकाच बाईला कळलं होतं, आणि त्या बाई रांजणगावात, गणपतीच्या देवळामागच्या आमच्या घरात, माडीवर भाड्यानं राहत होत्या. परदेशी गेलेली माणसं बावरतात, हळू बोलतात, उगाच हसतात. आमच्या कोरियन आजींना यातलं काही ठाऊकच नव्हतं. आल्या दिवसापासून त्या अशा वावरल्या, की परके आम्हीच आहोत असं आम्हाला वाटायला लागलं.

एमआयडीसीत नुकताच एक कोरियन कारखाना सुरू झाला होता. त्याचे साहेब पुण्याहून गाड्यांतून येत-जात. आजींचा मुलगा मात्र साहेब नव्हता, साहेबांच्या कॅन्टीनमधला आचारी होता. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं त्याला झेपेना, म्हणून तो आईला घेऊन आमच्या दारात आला. माझ्या सासूबाई, ज्यांना सारा गाव अक्का म्हणतो, अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मुलगा इंग्रजीतले चार शब्द जुळवतोय तोवर आजी चपला काढून मिरच्यांपाशी बसल्याही. एक मिरची मोडली, हुंगली आणि पसंतीची मान हलवली. खोली त्यांनी पाहिलीच नाही.

मराठी त्या अक्कांकडून शिकल्या. शाळेत मी ज्या मराठीवर पोरांच्या वहीत लाल रेघा मारायची, नेमकी तीच. बाजारात घासाघीस मात्र कोरियनमध्येच चाले. कोबीवाला म्हणायचा, "आजी, काय बोलताय समजत न्हाई." आजी तेच पुन्हा मोठ्यानं बोलायच्या, आणि शेवटी त्यालाच समजायचं. सकाळी हात पाठीमागं बांधून देवळाकडं फेरी व्हायची. देवाला त्या घरमालकाला करावा तसा नमस्कार करीत, वाकून पण थोडक्यात. मग बाहेर येऊन मुंबईच्या यात्रेकरूंना हाताला धरून सांगत, "हितं नारळ लई म्हाग. अक्काकडं चल!" परदेशी भक्त समजून लोक त्यांचे फोटो काढत आणि निमूटपणे आमच्या नारळाच्या टपरीवर येत, जिथं अक्का बसत.

रांजण म्हणजे काय, हे कुणीतरी त्यांना पाणी भरायचा रांजण दाखवून सांगितलं. त्या दिवसापासून त्यांची खात्रीच पटली की हे गाव त्यांच्या लोणच्यासाठी वसवलेलं आहे. कुंभाराकडून दोन रांजण आले, परसात खड्डा खणून गळ्यापर्यंत पुरले गेले, आणि आत कोबी, मुळा, लसूण, तिखट आणि मूठभर सुकट कोंबली गेली. भाद्रपदाच्या तोंडावर ते लोणचं मुरलं. गल्लीत वास सुटला.

शेजारच्या पेढेवाल्यांनी अक्कांना गाठलं. "उत्सवाचं दिस. देवळाच्या पाठीमागं सुकटीचा वास? लोक काय म्हणतील?"

अक्का तरातरा माडीवर गेल्या. "आजी, ह्ये न्हाई चालायचं. खोली खाली करा. म्हैनाअखेर."

आजींनी ऐकून घेतलं. दोन दिवस माडीवरून आवाज नाही. मुलगा पडेल चेहऱ्यानं सणसवाडीत खोल्या शोधत हिंडला. अक्काही अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात पाहते तो आजी पदर खोचावा तसा झगा खोचून रांजण घासत होत्या. नवा कोबी भरला गेला, सुकट वगळून. मुरल्यावर आजींनी वाटीभर आणून अक्कांच्या भाकरीशेजारी ठेवलं आणि समोर मांडी घालून बसल्या.

अक्कांनी एक घास घेतला. मग दुसरा. "मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. गेल्या बारा वर्षांत माझ्या एकाही भाजीची त्यांनी इतकी स्तुती केली नव्हती. खोली खाली करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दर वर्षी आजींना पुण्याला परदेशी नागरिकांच्या कचेरीत हजर व्हावं लागे. एकदा मी सोबत गेले. अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, "पुणं सोडून तुम्ही त्या खेड्यात का राहता?" मी प्रश्न आजींना मराठीत सांगून उत्तरही देणार, तोच आजी पुढं झाल्या. "पुन्यात परवडत न्हाई, बाबा." अख्खी कचेरी हसली. आजींना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, आणि खरं तर मलाही.

पुढं कॅन्टीनचं कंत्राट संपलं. मुलाबरोबर कोरियाला परत निघताना आजी रडल्या नाहीत. गाडीच्या टपावर बोचकं नीट बांधलं नाही म्हणून ड्रायव्हरला झापलं आणि बसल्या. अक्का टपरीवरून उठल्यासुद्धा नाहीत. गिऱ्हाईक होतं म्हणे. टपरीवर कुणीच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आजींच्या मुलानं तिकडून फोन लावून दिला. आजींचा आवाज लहान झाला होता. अक्का ओरडूनच बोलत होत्या, कोरिया लांब आहे म्हणून.

"तिकडं शेजारी कोण हाय?"

"हाय. दार बंद हाय."

अक्कांनी मान वर करून माडीकडं पाहिलं. तिथं आता भाड्यानं राहणारी बिहारची दोन कामगार पोरं रेडिओ लावून भात शिजवत होती.

"मंग ये की हिकडं," अक्का म्हणाल्या. "खोली रिकामीच हाय." आणि फोनवर हात ठेवून त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं, गप्प बस म्हणून.