चौदावा सोमवार आणि सुभद्राबाईचा सोऱ्या

आता काय सांगू तुम्हाला! देवाकडे मागावं, जरूर मागावं, पण मागताना जरा बेताने मागावं. मी एकदा सोळा सोमवार धरले होते. महादेवाला हात जोडून म्हटलं, "देवा, माझ्यात आणि सुभद्राबाईत खोटं कोण, ते सगळ्या गल्लीसमोर येऊ दे!" मला वाटलं, मी न्याय मागतेय. पुढे काय झालं ते ऐका आणि खुशाल हसा. मला आता सवय झाली आहे.

आम्ही तेव्हा अकोल्याला, कापसाच्या एका जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत राहत होतो. सुभद्राबाई आमच्या भिंतीला भिंत लागून. एकमेकींच्या चुलीवरचं काय शिजतंय ते वासावरून ओळखणाऱ्या आम्ही. आणि भांडण कशावरून? चकलीच्या पितळी सोऱ्यावरून!

तो मी तिच्याकडून दिवाळीत आणला होता. आषाढ लागला, आखाड तळायचा म्हणून तिने परत मागितला.

"दिला की वं तुले, पाडव्याच्याच दिवशी!" मी म्हटलं.

"नाही दिला."

"देवाशप्पथ दिला."

"मंग काय माह्या सोऱ्याले पाय फुटले?"

"आधी तुह्या घरात शोध. तुह्या घरात हत्ती बी हरपते!"

हे शेवटचं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. झाला अबोला! श्रावणाच्या पहिल्याच सोमवारी मी तो नवस बोलले, आणि वर जोडून दिलं, "तोवर तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही." पुढची दिवाळी आली आणि गेली. त्या वर्षी चकल्या ना तिच्याकडे झाल्या, ना माझ्याकडे.

चौदावा सोमवार उजाडला. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही. दुपारी चारच्या सुमारास जिनाचा भोंगा अवेळी वाजायला लागला, आणि थांबेचना. कापसाच्या गंजीला आग! वारा नेमका आमच्या गल्लीकडे, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांवर गवताची छपरं. हवालदार ओरडत आला, "घरं सोडा! समदे शाळेच्या मैदानावर! सामान घेऊ नोका!"

मी काय उचललं असेल, सांगा? चुरम्यासाठी भिजवलेली कणीक! देव घरात राहिले, लग्नाचा शालू घरात राहिला, आणि मी परात कमरेवर घेऊन मैदानात हजर. सासूबाई होत्या, आमचे हे होते. सगळे सुखरूप. मी चहूकडे नजर फिरवली. सुभद्राबाई कुठे दिसेना.

तिचे यजमान त्या दिवशी चांदूर रेल्वे गावी गेलेले. बाई घरात एकटी. आणि दुपारी तिचा डोळा लागला की कानाशी ढोल वाजवला तरी उठायची नाही, हे साऱ्या गल्लीत फक्त मला ठाऊक. विचारावं तरी कसं? अबोला ना! मी परात सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि कोणाला न सांगता मागच्या बोळातून सुटले.

तिच्या उंबऱ्याशी पाय अडला. "महादेवा, एवढा एक उंबरा पोटात घाल," म्हटलं आणि घुसले.

"सुभद्रे! वं सुभद्रे!"

बाज रिकामी. चुलीवर चहा उकळून उकळून काळा झालेला. बाई नाहीच! फडताळात लोणच्याची बरणी होती. तिच्या आईच्या हातची. आई गेली आणि तेवढं लोणचं उरलं, ते बाई सणासुदीला बोटभर चाखायची. बरणी कशी ठेवू मागे? घेतली काखेत आणि मोठ्या रस्त्याने मैदान गाठलं.

येऊन पाहते तो निम्मं मैदान रिकामं! पानवाले रामभाऊ म्हणाले, "अवो बाई, तुमी हाव कुठं? सुभद्राबाई तुमाले पाहाले वापस गेली. तुमचे मालक तुमच्या मांगं गेले. म्हातारी लेकाच्या मांगं गेली. अन म्हातारी एकटी कशी जाईन, म्हनून आमची मंडळी म्हातारीच्या मांगं!"

"अन तुमी?"

"मी बी निंघूनच राहिलो होतो, मंडळीच्या मांगं."

ऐकलंत? मी पुन्हा पळाले! गल्लीत शिरते तो जत्रा भरलेली. जो तो दुसऱ्याला शोधतोय, आणि सापडलेला माणूस तिसऱ्याला शोधायला निघतोय. धूर डोळ्यांत, आणि मधोमध हवालदार कपाळाला हात लावून उभा.

"अवो माय, मी तुमाले भाईर काढून राहिलो, तुमी अंदर काहून येऊन राहिल्या? मैदानात कोन हाय आता?"

कोणीतरी म्हणालं, "एक शेळी हाय, साहेब."

"मंग एवढ्या गल्लीत शानी तेवढीच!"

नळाच्या कोपऱ्यावर वळले आणि धाडकन आदळले. कोणावर? सुभद्राबाईवर! तिच्या डोक्यावर माझी पत्र्याची पेटी, माझ्या काखेत तिची बरणी.

"कुठं उलथली होतीस वं?" मी किंचाळले.

"तुह्याच घरात! अन तू?"

"तुह्या घरात!"

आम्ही दोघी तिथेच गळ्यात पडून रडलो. तेवढ्यात ओरड झाली, बंबाने आग विझवली म्हणून. सगळी गल्ली आमच्याभोवती जमली. सुभद्राबाईने डोळे पुसले आणि पेटी माझ्यापुढे ठेवली.

"तुहा जीव या पेटीतल्या शालूत, मले ठावं हाय. उघडून पाहून घे आताच. नाहीतं उद्या म्हनशीन, माह्या शालूले हात लावला."

"म्हनीन कशाले?" असं म्हणत मी मोठ्या मनाने झाकण उघडलं. शालूची घडी उचलली. आणि घडीतून ठण्णकन दगडावर पडला... पितळी सोऱ्या!

जो तो मान उंचावून बघू लागला. आणि मला झरकन आठवलं. लोकाची वस्तू, गल्लीतल्या पोरांच्या हाती लागून हरवायला नको, म्हणून मीच तो पाडव्याला शालूत गुंडाळून जपून ठेवला होता!

सुभद्राबाई खाली वाकली, सोऱ्या उचलला, फिरवून फिरवून पाहिला.

"फुटले वं, फुटले माह्या सोऱ्याले पाय! चालत चालत तुह्या शालूत जाऊन निजला."

हवालदारसुद्धा हसला. खोटं कोण, ते सगळ्या गल्लीसमोर आलं. महादेवाने सोळाव्या सोमवाराचीही वाट पाहिली नाही! उरलेले दोन सोमवार मी केले, पण काही मागायची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी चुरमा आम्ही दोघींनी तिच्या आईच्या लोणच्याशी खाल्ला. तिने स्वतः बरणी उघडली. मग सोऱ्या पुन्हा माझ्याच हातात देत म्हणाली, "राहू दे तुह्याचकडे. तुह्या घरात यायले मले निमित्त तं पाह्यजे."

तेव्हा बायांनो, माझं एक ऐका. तुम्हीही असाच नेम धरा. शेजारणीची एक तरी वस्तू आपल्या घरी असू द्या, आणि आपली एक तिच्या घरी. फक्त कुठे ठेवली ते नवस बोलायच्या आधी आठवून पाहा!