भिंतीपलीकडचं गाणं

खडूबाईंच्या आणि चिमणीच्या वर्गांमध्ये प्लायवूडची एक भिंत होती. पातळ होती, एवढंच वाईट.

विज्ञान शिकवताना बाई फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम हृदय काढत. मुलं श्वास रोखून बघत. म्हणून नाव पडलं खडूबाई. मग चिमणी आली. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून सारखी चिवचिवायची, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. आता ती त्याच शाळेत शिकवू लागली आणि तिनं भिंतीवर पडदा टांगला. पडद्यावर हृदय धडधडायचं, रक्त पळायचं आणि वर गाणं:

उजवीकडून आत ये, फुप्फुसाकडे वळ,
डावीकडून बाहेर जा, शरीराला दे बळ!

पलीकडे आख्खा वर्ग नाचे. अलीकडे बाईंची मुलं बाकाखाली ठेका धरत.

"पाय बंद!" बाई ओरडत.

एकदा घरी कांदा चिरताना त्या गुणगुणल्या.

"चाल छान आहे की गं," नवरा म्हणाला.

"चाल कसली, उच्छाद आहे." कांद्याचा पार भुगा झाला.

दहावीचा वर्ग आजवर बाईंचा. यंदा मात्र मुख्याध्यापक दोघींचा एकेक तास बघून ठरवणार होते. आदल्या दिवशी बाईंनी पलीकडच्या दारातून डोकावलं. चिमणी मुलांकडे तोंड करून उजवा हात उचलत होती. समोरची मुलं आरशासारखी डावा उचलत होती. तोंडानं उजवीकडून, हात डावा.

बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या. सांगावं का? छे. पडू दे तोंडघशी.

दुसऱ्या दिवशी बाईंचा तास नेहमीसारखा झाला. सरांनी जांभई हातानं झाकली. चिमणीच्या तासाला बाई मुद्दाम मागे बसल्या. गाणं संपलं. सरांनी एका मुलीला उभं केलं.

"बाळ, हृदयाची उजवी बाजू दाखव. स्वतःच्या छातीवर."

मुलीनं ठामपणे डावीकडे बोट ठेवलं. सरांच्या कपाळाला आठी पडली. चिमणी लाल झाली आणि तिनं बाईंकडे पाहिलं. उत्तर विसरल्यावर पहिल्या बाकावरून पाहायची, तसंच.

बाई उठल्या. दया आली म्हणून नव्हे. चुकीचं हृदय त्यांना बघवेना. त्यांनी कागदावर भराभर पडद्यावरचीच आकृती काढली, मुलीच्या छातीवर धरली आणि तिला वर्गाकडे वळवलं.

"पडद्यावर डावीकडे दिसतं, ते तुझ्या कुठल्या हाताकडे आलं?"

"उजव्या! अय्या, बाई!"

चिमणी लगेच सावरली. तिनं प्रत्येकाला तशीच आकृती काढून छातीवर धरायला लावली, स्वतः मुलांकडे पाठ केली आणि पुन्हा गाणं लावलं. सगळे हात बरोबर उठले. सरांची बोटं बाकावर ताल धरू लागली.

"दहावी हिलाच देऊ," चहा पिताना सर म्हणाले. "ती कागदाची कल्पना काय सुंदर!"

"सर, ती बाईंची आहे," चिमणी म्हणाली.

"हो हो. तुम्ही सगळ्या एकच की."

चिमणी हळूच जवळ आली. "बाई, रागावलात?"

"मी कशाला रागावू? आवाज तेवढा कमी ठेव म्हणजे झालं."

चिमणीनं खरंच आवाज कमी केला. तरी भिंत पातळच. दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर हृदय काढत होत्या. दोन्ही हात पलीकडच्या ठेक्यावर चालले होते. लक्षात येताच त्यांनी आकृती पुसली आणि पुन्हा काढायला घेतली.

हात पुन्हा ठेक्यावरच चालले.