भोंगाकाकांचा गोंद

दाताला चिकटलेला लाडू बोटाने ओढला तर त्याची तार निघाली, लांब, पिवळी, शेंबडासारखी, आणि सासूबाईंनी पुढे धरलेल्या तस्तात मी ओकले. बाळंत होऊन मला आठवडाही झाला नव्हता. मुलगी शेजारी दुपट्यात रडत होती. पोटात काही उरलं नव्हतं तरी उमासे येतच होते. तेवढ्यात काका दारात येऊन उभे राहिले. हातात रिकामी वाटी.

"वहिनी, माझा गोंद कोणी घेतला?"

"घेतला म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, फडताळात गोंद ठेवलाय म्हणून. सूनबाईला लाडू केले."

काका वाटीकडे बघत राहिले. "लाडू केलेत," ते म्हणाले. "अहो, तो पेटीचा गोंद. सरेस."

"सरेस म्हणजे काय?"

"चामडं नि खुरं उकळून करतात तो. सुतार लाकडाला लावतात."

सासूबाईंच्या हातातलं तस्त खाली पडलं. मी पुन्हा ओकले, आणि या वेळी चौकातूनही ओकण्याचा आवाज आला. मामंजी मोरीवर वाकले होते. बाळंतिणीच्या डब्यातले लाडू कमी कसे होतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरात सोयर होतं, त्यामुळे त्यांना ना पूजा ना यजमान. दिवसभर घरी बसून होते, आणि फडताळ त्यांच्या बैठकीच्या वाटेवरच होतं.

हे काका म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. गल्ली त्यांना भोंगाकाका म्हणे. आम्ही तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे भोंगाकाका. गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या वर, गल्लीत आमचं घर. तीन पिढ्या याज्ञिकी. देशावरून यात्रेकरू यायचे ते मामंजींकडे उतरायचे. त्या घरातला हा एक माणूस संध्या सोडून एका कोठीवाल्या सावकार बाबूंच्या मोटारीवर नोकरीला लागला होता. मोटारीच्या टपावर आवाज मोठा करणाऱ्या दोन लाकडी पेट्या बांधलेल्या असत. त्यांतून सिनेमाची, साबणाची, दंतमंजनाची हाकाटी करत मोटार गोदौलियाहून लहुराबीरपर्यंत फिरे. गोऱ्या साहेबाची गाडी समोरून आली की पेट्या बंद करायच्या, गेली की पुन्हा सुरू.

धुळीने, उन्हाने आणि धक्क्यांनी त्या पेट्या महिन्या दोन महिन्यांत खरखरू लागत. बाबू म्हणत, फेका, कलकत्त्याहून नवी मागवू. काका ऐकत नसत. "गळा बसलाय, जीव गेलेला नाही," असं म्हणून ते पेटी डोक्यावर घेऊन घरी येत. मोटार आमच्या गल्लीत शिरत नसे, त्यामुळे अर्धा रस्ता बैलांच्या शेणातून आणि फुलांच्या चिखलातून चालत. पेटी चौकात उतरवायची ती माझ्या वाळवणाशेजारी. मग दोन-दोन दिवस तिचं पोट उघडं.

आत काय असतं ते मी इतकं पाहिलंय की नको वाटतं. कागदाचा एक पडदा असतो, नरसाळ्यासारखा. मागे लोहचुंबक, आणि पडद्याच्या टोकाला तारेचं बारीक वेटोळं. पडदा थरथरला की आवाज होतो. त्याची कड फाटली किंवा वेटोळं चुंबकाला घासलं की बोलणारा माणूस सर्दी झालेल्या बोकडासारखा ऐकू येतो. काका फाटलेल्या जागी पतंगाचा कागद लावत. कागद वाकवायला जिभेने ओला करत. तीच बोटं पुन्हा खळीत, पुन्हा तोंडात, मग धोतराला. चुंबक आणि वेटोळ्याच्या फटीत लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून सारत, म्हणजे वेटोळं मधोमध बसे. एकदा त्यांनी गणपतीचं चित्रच मधून कापलं. सासूबाई म्हणाल्या, "भावजी, देवाची मान कापलीत." काका म्हणाले, "मान नाही वहिनी, सोंड. मान पलीकडच्या पट्टीत आहे."

पण खरी किळस कडेची. पडद्याची कड मऊ हवी, नाहीतर तो हलत नाही. कागदाची कड उन्हात तडकते, म्हणून काका तिथे बकऱ्याचं पातळ कातडं लावत. तबल्याला पुड्या बसवणाऱ्याकडून उरलेल्या चिंध्या आणत, आणि त्या ब्राह्मणाच्या घरात, तुळशीपाशी, पाण्यात भिजत घालत. उन्हाळ्यात त्या वासाने मांजरं जमत. मी एकदा म्हटलं, "काका, हे बाहेर करा." तर म्हणाले, "मृदंगावर काय पुरणपोळी ताणलेली असते? कीर्तनाला पुढे बसतेस तू." त्याने वास काही कमी झाला नाही.

पेटी जुळली की मोटारीची बॅटरी घरी येई. काका पेटी खिडकीत ठेवून तोंड नदीकडे करत आणि बोलून बघत. त्यांचं म्हणणं, पेटीचा दोष 'ख'मध्ये सापडतो. म्हणून ते ओरडत, "खारी खिचडी खाताना खोकला." घाटावर स्नान करणारे वर बघत. कोणी मल्लाह खालून नावेतून विचारी, "का हो पंडित, बाजा ठीक हो गइल?" मामंजी कान झाकून घेत. सगळ्या घाटाला आमच्या खिडकीतला खोकला ठाऊक होता.

आता गोंदाचं. मी वाईकडची. माझ्या माहेरी डिंक म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा डिंक म्हटलं की हे लोक हसत. त्यांच्या मराठीत किती हिंदी शिरलं होतं ते त्यांना कळत नसे. लाडवात घालायचा तोही गोंद, पाकीट चिकटवायचा तोही गोंद आणि काकांच्या पेटीचा तोही गोंद. काकांनी सरेसचे खडे फोडून वाटीत ठेवले, वर झाकण घातलं आणि जाता जाता सांगितलं, "वहिनी, फडताळात गोंद ठेवलाय." सासूबाईंना वाटलं, पहिल्यांदाच या माणसाने घरासाठी काही आणलं. दिसायला खडे तसेच, पिवळे, पारदर्शक. तुपात टाकले तर धड फुलले नाहीत, काळवंडले, वास आला. त्यांनी बनियाला शिव्या दिल्या, खलबत्त्यात कुटले आणि खारीक-खोबऱ्यात मिसळून लाडू वळले. पहिला माझ्या हातात दिला. "कडवट लागला तरी खा, मेथी आहे," म्हणाल्या. मी चार दिवस खात होते.

त्या दिवशी संध्याकाळी मला ताप भरला. दूध आटलं. मुलगी तोंड लावी, काही मिळालं नाही की लाल होऊन रडे. दुसऱ्या दिवशी तिचं रडणंही बारीक झालं. आणि मामंजींनी चौकात बसून निकाल दिला. सुनेच्या पोटात चामडं गेलंय. सोयर फिटलं की पंचगव्य देऊन शुद्ध करू, तोवर तिला उपास, स्वयंपाकघरातलं अन्न नाही. सासूबाई म्हणाल्या, "अहो, बाळंतीण आहे, दूध कुठून येईल?" ते म्हणाले, "गंगामाई बघेल." हे, म्हणजे माझे यजमान, पाठशाळेतून आले, दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बघू." नंतरही आयुष्यभर ते हेच म्हणत आले.

मामंजी स्वतःही उपास करत होते. उपासाला दूध चालतं, पेढे चालतात, मलई चालते. हे सगळं त्यांच्या पाटापुढे होतं.

काकांना घरातून निघायला सांगितलं होतं. ते निघाले नाहीत. त्यांची खळ शिजवायची मातीची शेगडी चौकात होती, तिच्यावर त्यांनी तांदूळ चढवले. त्याच काळ्या पातेल्यात. मग पातेलं धोतराने धरून माझ्या खोलीत आणलं.

"पी."

"काय आहे हे?"

"पेज. म्हणजे खळच आहे, मीठ घातलंय."

पातेल्याच्या काठाला जुन्या खळीचे पोपडे होते. त्यांच्या बोटांना सरेसचा वास होता, कुजक्या खुरांसारखा. मी तोंड फिरवलं. "काका, मला शिसारी येते तुमची."

"येऊ दे की. शिसारी आली तरी दूध येतं. पी."

मी नाक दाबून प्याले. अर्धं बाहेर आलं. त्यांनी तस्त उचललं, रिकामं केलं, आणि पुन्हा पातेलं पुढे केलं. चेहऱ्यावर काही नाही. बिघडलेली पेटी पुढ्यात असली की ते असेच दिसत.

चौकातून मामंजी ओरडले, "तिला अन्न देऊ नकोस, सांगितलंय मी."

काका बाहेर गेले. "दादा, लाडू तुम्हीही खाल्लेत."

"मी चव बघितली."

"डब्याचा तळ दिसतोय. बरं, चव बघणाऱ्याला प्रायश्चित्त काय ते आधी सांगा. मग सुनेचं बघू."

मामंजींनी उठून पातेल्याला लाथ मारली. उरलेली पेज चौकात सांडली. मी आतून ऐकत होते. मुलगी माझ्या छातीला तोंड घासत होती आणि मला वाटलं, आता संपलं.

काकांनी दुरुस्त झालेली पेटी उचलून खिडकीत ठेवली, तोंड घाटाकडे केलं आणि बॅटरीच्या तारा जोडायला बसले. पेटीतून घरघर आली. खाली पुराणाला माणसं जमलेली होती, त्यांत मामंजींचे देशावरचे दोन यजमान.

"काय करतोस?" मामंजी म्हणाले.

"पेटी चांगली झालीय. माझा गोंद नव्हता म्हणून कड जरा कच्ची आहे, पण संकठा घाटापर्यंत ऐकू जाईल. याज्ञिकांच्या घरी चामड्याचे लाडू कोणी कोणी खाल्ले ते सांगतो. तुमच्या नावापासून सुरू करू की सुनेच्या?"

"लाज नाही तुला."

"नाही. तांदूळ कुठे ठेवता वहिनी? माझ्याकडचे सांडले."

सासूबाई नवऱ्याकडे न बघता आत गेल्या आणि तांदळाचं माप घेऊन आल्या. मामंजी बैठकीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पेटी खिडकीत तशीच घरघरत राहिली. सोयर फिटेपर्यंत काकांनी ती काढली नाही, आणि तोवर रोज दोन्ही वेळा मला ती घाण पेज पाजली. सासूबाई त्यात तूप सोडू लागल्या, पण भांडं बदलायला काका तयार होईनात. "हे उष्णता बरोबर धरतं," म्हणत. ताप उतरला, दूध आलं. मुलगी प्याली आणि झोपली.

मग मला पंचगव्य दिलं, आणि खरं सांगते, त्याच्यापेक्षा पेज बरी होती. काका त्याच दिवशी गेले. मामंजींना पुन्हा सांगावं लागलं नाही. दोन पेट्या आणि ते पातेलं घेऊन लहुराबीरला मोटारीच्या गॅरेजमध्ये राहायला गेले. मी दारापर्यंत गेले. पाया पडायला वाकले तर त्यांच्या पायालाही काहीतरी चिकटलेलं होतं. म्हणाले, "मुलीचा गळा चांगला आहे. खरखर नाही." एवढंच.

पुढे लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, मोटार विटांवर चढली. मी एकदा मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेले. एका फाटक्या पडद्यावर वाकून बसले होते, कोणाचा होता कोण जाणे. मुलीला त्यांनी खिशातून बत्तासा काढून दिला. त्याला तंबाखू आणि कातड्याचा भुगा लागला होता. तिने तोंडात घातला, मी बोट घालून बाहेर काढला, तिने भोकाड पसरलं. काका डोकं एका बाजूला करून ऐकत राहिले.

ते वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं. गॅरेजमधल्या लोकांनीच त्यांना मणिकर्णिकेला नेलं होतं. मामंजींनी किती दिवस सुतक लागतं ते बघायला पंचांग उघडलं. मी आंघोळ केली, मुलीला घातली आणि स्वयंपाकाला लागले.

त्या घरातली बाकी माणसं आता कोणी नाहीत. त्या बाळंतपणातून आम्ही दोघी जगलो, मी आणि मुलगी.