डोक्यावरून न्हाण्याचा दिवस

कंपनीच्या बसमध्ये चढल्या की वत्सलाताई पुढच्या सीटवर बसायच्या आणि पदराआड हात घालून डाव्या बाजूची पुरचुंडी सरळ करायच्या. चष्मा नीट करावा तितक्या सहज. जुन्या लुगड्याच्या मऊ कापडात मोहरी भरून ती त्यांनीच शिवली होती. "कापसाचा नुसता फुगा होतो. मोहरीनं वजन येतं," त्या सांगायच्या, "आणि घरातली संपली तर फोडणीची बी सोय." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढलाय, हे चिखलीहून चाकणला जाणाऱ्या त्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं.

माझी आई त्यांच्याबरोबर लाइनवर होती. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. पुढे मी त्याच कंपनीच्या ऑफिसात लागले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी कधी लाजत नाही. वत्सलाताई तर माझ्याही वरताण. "शोभे, तुझी सायबीण आली बघ," असं अख्ख्या बसला ऐकू जाईल असं आईला म्हणायच्या आणि मला शेजारी बसवून घ्यायच्या.

"माझी गाठ दुखली असती, तर मी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता," त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. पोट दुखतंय, कंबर धरलीय म्हणून बाया माझ्याकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला यायच्या. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रजा कुणी मागत नसे. वत्सलाताईंना गाठ लागली तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नघरात दवाखाना नको म्हणून त्या गप्प बसल्या. लेक सासरी गेली, मग तपासून घेतलं. तोवर काखेतही पसरलं होतं.

महिन्यातून एकदा आपलं आपण तपासावं, हे त्यांना ऑपरेशननंतर दवाखान्यात कळलं. पण तारीख कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून त्यांनी ते डोक्यावरून न्हाण्याला बांधून टाकलं. पाळी झाली की पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, हे आमच्याकडे शिफ्ट कुठलीही असली तरी चुकत नाही. त्याच दिवशी साबणाच्या हातानं छातीवरून, काखेतून बोटं फिरवायची, मग आरशात बघायचं.

"न्हालीस का गं?" बसमध्ये त्या विचारायच्या.

"न्हाले की, ताई."

"नुसतीच न्हालीस, का हात बी फिरवलास?"

अशा वेळी ड्रायव्हर आपणहून गाणी मोठी करायचा.

माझं लग्न महिन्यावर आलं होतं. एकदा आईचे केस ओले बघून त्यांनी तिलाही विचारलं. आई म्हणाली, "मला काय विचारता ताई? माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. माझं ते न्हाणं सरलं."

पाळी गेली म्हणजे तपासणंही सुटलं, असं आईनं धरलं होतं, आणि तिच्या वयाच्या आणखी दोघींनीही.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तसं सांगायलाच नको होतं. अगं, वय झाल्यावर तर जास्त बघायचं. आज घरी गेल्यावर बघ."

दुसऱ्या दिवशी आई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. वत्सलाताईंनी ओळखलं. "केवढी हाय?"

"हरभऱ्याएवढी. पण दुखत नाही. पोरीचं लग्न होऊ दे, मग..."

"ड्रायव्हर, थांबव रे," वत्सलाताई म्हणाल्या. त्यांनी आईचा दंड धरला आणि तिला खाली उतरवलं. मीही उतरले. पिंपरीच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये आई रडायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "गाठ म्हंजे लगेच तेच असतं असं न्हाई. पर ते डाक्टरला ठरवू दे. तू डाक्टर हायस का?"

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती, पसरली नव्हती. तेवढा भाग काढला, पुढचे उपचार झाले. माझं लग्न पुढे ढकललं. मुलाकडच्यांची तोंडं जरा वाकडी झाली, ती आपोआप सरळही झाली. त्या लग्नात आईनं माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. माझ्या मुलीला आज शाळेत सोडते ती आईच.

वत्सलाताईंचा आजार मात्र उलटला, हाडांत उतरला. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही घरात काही चांगलं झालं की 'सायबीण' अशी हाक यावी असं वाटतं. ती दुसऱ्या कुणी मारलेली मला चालत नाही.

शेवटची भेट त्यांच्या चिखलीच्या खोलीवर झाली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई आत चहा टाकत होती. मी हळूच विचारलं, "ताई, आमच्या आईचं वेळेत सापडलं, तुमचं नाही. राग नाही का येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "तुझी आई बरी होऊन कामावर आली, त्या दिवशी मी घरी येऊन लई रडले. तिच्यासाठी आनंदच झाला गं. पर वाटलं, मला बी कुणीतरी दंडाला धरून बसमधून उतरवायला पाहिजे होतं."

आई दारात चहा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं कप खाली ठेवले, फणी शोधली आणि वत्सलाताईंच्या मागे बसून त्यांचे विरळ केस विंचरायला लागली. वत्सलाताईंनी डोळे मिटून घेतले. चहा गार झाला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.