शंभर टक्केवाली मेधा

ऑनलाइन विकणाऱ्या दोन बायका एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहत असल्या की किस्से आपोआप साठत जातात, गॅरेजमध्ये रिकामी खोकी साठतात तसे. टाकवतही नाहीत आणि कुणी आलं की लपवावे लागतात. सध्या मेधा महिनाभर पुण्याला गेली आहे, म्हणून म्हटलं, जरा मोकळेपणी बोलून घ्यावं.

ग्रीन कार्ड आल्यावर आम्ही दोघींनी एकाच महिन्यात लिलावाच्या साईटवर आपापलं दुकान उघडलं. माल एकच: पोळपाट, सोऱ्या, विळी, पुरणयंत्र. पुण्याहून माल पाठवणारा दुकानदारही एकच. गिऱ्हाईक फीडबॅक द्यायचं, चांगला, वाईट नाहीतर मधला, आणि त्याची टक्केवारी तुमच्या नावापुढे सगळ्या जगाला दिसायची.

मेधाची टक्केवारी शंभर. माझी सत्त्याण्णव.

मला तिचा हेवा वाटायचा. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू? सकाळी दात घासायच्या आधी मी तिचं पान उघडून बघायचे, एखादा तरी वाईट शेरा पडलाय का. नसायचाच. मग चहा कडू लागायचा.

* * *

माझा पहिला वाईट शेरा विळीमुळे पडला.

ओहायोच्या कुणा बाईंनी विळी मागवली. आठवड्याने त्यांचा शेरा आला, "अतिशय धोकादायक सुरी. हातात धरताच येत नाही."

मी भडकले. हातात धरायची वस्तूच नाही ती! विळीबरोबर कसलीही सूचना पाठवायला हवी होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. विळी कशी वापरायची हे कुणाला सांगावं लागतं का? मी तिथल्या तिथे सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं, "मॅडम, यू हॅव टु सिट ऑन इट."

त्यानंतर चार महिने माझी एकही विळी विकली गेली नाही.

मेधाने त्याच आठवड्यात आपल्या विळीच्या पानावर एक फोटो लावला. ती स्वतः फरशीवर बसून भोपळा चिरतेय, नथबिथ घालून. तिच्या विळ्या दहा दिवसांत संपल्या. भोपळा चिरायला नथ कोण घालतं, मी विचारते.

* * *

आमच्यात देशपांडे काका म्हणून आहेत. तीस वर्षं इथे डॉक्टरकी करून निवृत्त झालेले. मला हुरूप यावा म्हणून त्यांनी आपणहून माझ्याकडून पोळपाट मागवला. मीही निवडून, पुसून, दोनदा कागदात गुंडाळून पाठवला. म्हटलं, घरचा माणूस आहे, एक चांगला शेरा तर नक्की.

काकांनी मधला दिला. शेरा, "बरा आहे."

मी फोन केला. "काका, काही बिघडलं का पोळपाटात?"

"छे गं, उत्तम आहे. तसं लिहिलंय की मी."

"तुम्ही 'बरा आहे' लिहिलंय."

"मग? चाळीस वर्षांत तुझ्या काकूच्या आमटीलाही मी यापुढे गेलेलो नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "खरं आहे, वसुधा. तू समाधान मान."

मेधाला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिला परवडत होतं हसायला.

* * *

एकदा पुण्याहून सोऱ्यांची एक खेप आली. निम्मी मला, निम्मी मेधाला. मेधाने काय करावं? प्रत्येक सोऱ्यात पीठ भरून एकेक चकली पाडून पाहिली. अकरा सोऱ्यांच्या चकत्या वाकड्या निघाल्या. ते अकराही तिने बाजूला काढले. मी खोकं उघडलं, चिकटपट्ट्या लावल्या आणि सगळे सोरे रवाना केले.

दोन शेरे आले. एकीने लिहिलं, चकली एका बाजूने तुटते. दुसऱ्याने लिहिलं, मुलाच्या खेळातली मातीसुद्धा यातून नीट येत नाही. मी दोघांनाही कळवलं की चकत्या मी बनवत नाही, पुण्याचा कारखाना बनवतो.

माझा नवरा शिरीष सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तो म्हणाला, "वसुधा, पानावर नाव कुणाचं आहे? कारखान्याचं की तुझं?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. पगार त्याचाच मिळतो मला."

त्या संध्याकाळी मी त्याला फक्त वरण-भात दिला. आणि मेधाच्या घरून तळणाचा वास येत होता. अकरा वाकड्या सोऱ्यांच्या चकल्यासुद्धा तिने वाया घालवल्या नव्हत्या.

* * *

लाकडी पोळपाट डिशवॉशरमध्ये घालणारी माणसं जगात आहेत, हे मला अमेरिकेत कळलं. असं एक गिऱ्हाईक मला भेटलं आणि एक मेधाला. दोघांचेही पोळपाट फुगले, तडकले.

मी माझ्या गिऱ्हाइकाला चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं. लाकूड म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, चूक कुणाची. पत्र इतकं सुरेख झालं होतं की मी ते शिरीषला वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाने वाईट शेरा दिला.

मेधाने तिच्या बाईंना नवा पोळपाट फुकट पाठवला. सोबत चिठ्ठी, "धुण्याबद्दल मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी." त्या बाईंनी ती चिठ्ठी आपल्या चर्चमध्ये दाखवली आणि तिथल्या बायकांनी पिझ्झासाठी चाळीस पोळपाट मागवले.

बरोबर मी होते, आणि ऑर्डर तिला. त्या दिवशी मला रडू आलं हो, खरंच.

* * *

आता हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पोळपाटाच्या प्रकरणानंतर मी नव्या नावाने एक खातं उघडलं, शिरीषच्या ऑफिसचा पत्ता दिला आणि मेधाकडून एक पुरणयंत्र मागवलं. हेतू वाईट होता, हे मला मान्य आहे.

यंत्र आलं. डाग नाही, पोचा नाही. मग मी माझं लग्नातलं पुरणयंत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून तीन किलो हरभऱ्याची डाळ वाटली. आठवडाभर घरात पुरणपोळ्या. आमचा रोहन म्हणायला लागला, "आई, नॉट अगेन." शेवटच्या दिवशी, शेवटच्या घासाला, तिच्या यंत्राचं हँडल कचकचलं. मला इतका आनंद झाला की मी रोहनला पिझ्झा मागवू दिला.

शेरा लिहिला, "कमी दर्जाचा माल. हँडल आवाज करतं." वाईट या खान्यावर टिचकी मारली. मेधाचे शंभर गेले. शेजारच्या इमारतीत तिच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता आणि मी खिडकीत उभी राहून तो बघत होते. वाटलं होतं तेवढं छान वाटलं नाही.

तासाभरात त्या नव्या खात्यावर तिचं पत्र आलं. माफ करा, यंत्र परत पाठवा, टपालखर्च माझा, पैसे आजच परत करते. आता पाठवणं भाग होतं. ओट्यावर दोन्ही यंत्रं धुऊन पालथी घातली होती. मी एक उचललं, पुसलं, खोक्यात घातलं आणि पोस्टात टाकून आले.

दहा दिवसांनी होळी आली. पुरण शिजलं, मी यंत्र काढलं आणि सहज उलटं करून पाहिलं. बूड कोरं होतं.

माझ्या यंत्राच्या बुडावर नाव घातलेलं आहे. "चि. सौ. वसुधास, मालूमावशीकडून सप्रेम भेट."

गॅस तसाच ठेवून मी कॉम्प्युटरकडे धावले. त्या साईटवर तेव्हा विकणाऱ्यांनाही गिऱ्हाइकाला शेरा देता यायचा. माझ्या त्या चोरट्या खात्यावर एकच शेरा पडला होता, मेधाचा. चांगल्यातला.

"उत्तम ग्राहक. यंत्राला तेल घालून ठेवलंय, केव्हाही येऊन घेऊन जा. मालूमावशींना माझा नमस्कार."